धबधबा राहू दे, बांध धरा! गोव्यात लहान पोरांना घेऊन चालायला जायचंय तर

आम्ही पोरीला घेऊन पहिल्यांदा चालायला गेलो त्या दिवसाचा नुसता फज्जा झाला होता. जुलै महिना, रविवार, कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला धबधब्याचा व्हिडिओ बघून निघालो, फोंड्याहून दीड तास गाडी, मग निसरड्या पायऱ्या, पोर चार वर्षांची, अर्ध्या वाटेत तिला शू लागली, माझ्या पायाला तीन जळवा, आणि वर पोचलो तर तिथं आधीच शंभरेक माणसं, त्यातली निम्मी बाटल्या घेऊन बसलेली. पोर पाण्याकडे बघायलासुद्धा तयार नाही. तिनं काय बघितलं माहितीये? परत उतरताना एका पायरीवर पैसा किडा होता, हात लावला की चकलीसारखा गुंडाळून बसतो तो. वीस मिनिटं तिथंच उकिडवी. तो उलगडला की परत बोट लावायची, परत गुंडाळला की हसायची.

म्हणजे धबधब्यापायी आमचा अख्खा रविवार गेला आणि पोरीला हवा होता तो किडा आमच्या परसातसुद्धा मिळाला असता.

त्याला आता तीन वर्षं झाली, थोरली सात वर्षांची आहे, धाकटा साडेतीनचा, आणि महिन्यातून दोन रविवार तरी आम्ही चालायला जातो. चुकतमाकत जे शिकले ते नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी लिहितेय. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते, पोर सात-आठ वर्षांच्या आतलं असेल तर गोव्यात धबधब्याच्या नादी लागू नका, खाजनाचा बांध धरा.

खाजन म्हणजे काय, ते आधी

बाहेरून इथं राहायला आलेल्यांना हे माहीत नसतं म्हणून सांगते, इथलेच असाल तर हा भाग सोडा. मांडवी, झुआरी आणि त्यांच्या फाट्यांच्या काठाने जी सखल जमीन आहे ती भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणजे नुसती सोडली तर खारं पाणी रोज दोनदा आत येणार. ते येऊ नये म्हणून जुन्या लोकांनी चिखल, गवत, चिरे वापरून बांध घातले, पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून, आणि बांधात जागोजागी पाणी आत-बाहेर करायला दारं ठेवली. त्या दाराला मानस म्हणतात. आतल्या बाजूला भातशेती आणि कुठं कुठं मासळीची तळी, बाहेरच्या बाजूला खारफुटी आणि नदी.

आता पोरांच्या दृष्टीने बघा. बांध सपाट. रुंदी बहुतेक ठिकाणी दोन माणसं बाजूबाजूने चालतील एवढी. गाड्या नाहीत. चुकायला जागा नाही, कारण बांध एकच. मागे वळलात तर तुमची गाडी दिसते, म्हणजे पोरगं कंटाळलं की दहा मिनिटांत परत, धबधब्याला हे जमत नाही, तिथं पोचल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही आणि मग आपण पोराला ओढत नेतो.

एकच गोष्ट वाईट, सावली नाही. त्यावर पुढे येते.

१. किलोमीटर विसरा

मोठ्या माणसांचा हिशेब लावू नका. तीन-चार वर्षांचं पोर एका तासात जेमतेम एक किलोमीटर जातं, कारण ते चालत नाही, थांबत थांबत पुढे सरकतं. पाच-सहा वर्षांचं असेल तर जाऊन येऊन दोन-तीन किलोमीटर आरामात. आमच्या घरचा नियम असा की धाकट्याला जेवढं चालता येईल असं वाटतं त्याच्या निम्मंच ठरवायचं, कारण परत यायचंय आणि परतीच्या वाटेवर त्याचे पाय अचानक 'दुखतात'. साडेतीन वर्षांचं पोर चौदा किलोचं असतं हो. खांद्यावर घेऊन बांधावरून पाऊण किलोमीटर मी चालले आहे, दुसऱ्या दिवशी ऑफिसात मान वळत नव्हती.

बाबागाडी आणू नका. मिरामारच्या फूटपाथवर ठीक आहे, बांधावर तिची चाकं रुततात. दोन वर्षांच्या आतलं पोर असेल तर पाठीवर किंवा पोटाशी बांधायचं कॅरियर घ्या, नाहीतर आईची जुनी कॉटनची साडी, तीसुद्धा छान चालते.

२. जागा कुठली

पहिल्यांदा जाताय तर चोडण बेट. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट पकडायची, साध्या फेरीबोटीत पायी जाणाऱ्याला तिकीट लागत नाही, आणि पोरांची अर्धी सहल तिथंच होते. खरं सांगते, आमच्या धाकट्याला पक्षी-बिक्षी काही पडलेलं नाही, त्याला बोटीचा तो लोखंडी पाट धाडकन खाली पडतो ते बघायचं असतं. गाडी रायबंदरलाच ठेवा. पलीकडे उतरलं की डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याचं गेट जवळच आहे, बेटाच्या पश्चिम टोकाला, सगळं मिळून पावणेदोन चौरस किलोमीटर. आत खारफुटीमधून पायवाट जाते, सावली आहे, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना चिखलातून वर आलेली टोकं टोकं दिसतात, खारफुटीची श्वास घेणारी मुळं. थोरलीने त्यांना 'पेन्सिली' नाव ठेवलंय. डास मात्र भयंकर. ओडोमॉस गाडीत विसरायचं नाही.

दुसरं दिवाडी, तेही बेटच. जुने गोव्याहून फेरी, उतरलं की शेतांमधून सरळ सपाट रस्ता पिएदाद गावाकडे जातो. रस्ता आहे, बांध नाही, त्यामुळे स्कूटर येतात, पण सकाळी सातला फारशा नसतात. दोन्ही बाजूला भात, मध्ये बगळे. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरामचा उत्सव असतो, त्या दिवशी चालायला म्हणून जाऊ नका, पोराला खांद्यावरून खाली ठेवता यायचं नाही. आणि पोरं थोडी मोठी असतील, गोष्ट ऐकण्याएवढी, तर दिवाडीच्या दुसऱ्या टोकाहून नार्वेची फेरी घ्या. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीला होतं, पोर्तुगीजांनी पाडलं, मग देव नदीपलीकडे नार्व्याला नेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करायला लावला. थोरलीला हे सांगितलं तर तिचा प्रश्न, देव पण फेरीबोटीतून गेला काय? मी म्हटलं, तसंच काहीसं.

करमळीचं तळं थंडीत, डिसेंबर-जानेवारीत. कोकण रेल्वेचा रूळ तळ्याला लागूनच जातो, त्यामुळे पक्ष्यांचा कंटाळा आला तर ट्रेन, ट्रेनचा कंटाळा आला तर पक्षी. जांभळ्या पाणकोंबड्या, अडई बदकं, पायांनी कमळाच्या पानांवर चालणारे कमळपक्षी. दुर्बीण असेल तर बघा, नसेल तर विकत घेऊ नका, सहा वर्षांखालच्या पोराला दुर्बिणीतून काही दिसत नाही, ते उलट्या बाजूने बघतं आणि खूश होतं.

हळदोण्याजवळ कोरजुव्याचा किल्ला. छोटासा, जांभ्या दगडाचा, चढ म्हणण्यासारखा नाही, पंधरा मिनिटांत तटावरून फेरी होते. 'किल्ल्यावर जाऊ' म्हटलं की पोरं तयार होतात आणि आईबापाला दम लागत नाही, असे किल्ले कमीच. तटाला कठडा फारसा नाही, हात सोडायचा नाही.

पाच वर्षांवरची पोरं असतील तर तांबडी सुर्ला. पार्किंगपासून देवळापर्यंत थोडंसंच चालणं, मागे नदी, कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ, आणि गंमत अशी की आजूबाजूला सगळा जांभा असताना देऊळ मात्र काळ्या बेसॉल्टचं, म्हणजे दगड घाटावरून आणला असणार. पोरांना विचारा, कसा आणला असेल? आमच्याकडे हत्तीपासून जेसीबीपर्यंत सगळी उत्तरं आली.

रिवणजवळ उसगाळीमळला कुशावती नदीच्या काठी कातळावर कोरलेली चित्रं आहेत, बैल, माणसं, आणि गोल गोल फिरत जाणारा एक चक्रव्यूह. १९९३ मध्ये संशोधकांना ती गावच्या लोकांकडून कळली. पोराला तो चक्रव्यूह बाजूला उभं राहून हवेतल्या हवेत बोटाने गिरवायला सांगा, चित्रांवर पाय द्यायचा नाही, हे आधी बजावून. कातळ तापतो, उन्हाळ्यात नऊनंतर तिथं उभं राहवत नाही, आणि पावसात नदी वर येते, त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारी.

काणकोणला खोतीगाव अभयारण्यात अर्ध्या किलोमीटरपासून पाच किलोमीटरपर्यंतच्या आखलेल्या वाटा आहेत, अर्ध्या किलोमीटरवाली घ्या, लाजायचं काय त्यात. बोंडल्याच्या अभयारण्यात जाणार असाल तर गुरुवारी बंद असतं, आम्ही गुरुवारी सुट्टी बघून गेलो होतो, गेटवरून परत.

३. आधी एकट्याने जाऊन या

हे कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. पोरांशिवाय एकदा, एका सकाळी, स्कूटरवरून जा आणि ती वाट चालून या. तीन गोष्टी बघायच्या, गाडी कुठं लावायची, सावलीची पहिली जागा किती अंतरावर आहे, आणि बांध मध्येच तुटलाय का. बांध तुटतात, दुरुस्ती वर्षानुवर्षं अडकते, फोनवरच्या नकाशात मात्र वाट सरळ दिसते. नकाशावर विसंबून आम्ही एकदा एका काजूच्या बागेत शिरलो, मालकीणबाई कोयता घेऊन बाहेर आल्या, पुढे त्यांनीच पोरांना बोंडू, म्हणजे काजूची फळं, दिले ते सोडा, पण पहिली दोन मिनिटं बरी नव्हती.

त्यावरूनच, कुळागरात (पोफळी-नारळाच्या बागेत) किंवा कुणाच्या भाटात शिरायच्या आधी आवाज द्यायचा. 'घरांत कोण आसा गे?' एवढं पुरतं. पोरं बरोबर असली की लोक नाही म्हणत नाहीत. शेतात उतरायचं नाही, मेरेवरून चालायचं, आणि भात उभं असेल तर पोरांना मेरेवर पळू द्यायचं नाही, कोणाची तरी चार महिन्यांची मेहनत आहे ती.

४. वेळ आणि भरती-ओहोटी

सकाळी साडेसहा-सातला चालायला लागा, नऊला गाडीत. संध्याकाळी जायचं तर साडेचारनंतर, पण डिसेंबरात सव्वासहाला अंधार पडायला लागतो हे लक्षात ठेवा. मधल्या वेळी बांधावर जाणं म्हणजे पोराला तव्यावर ठेवणं.

आणि ओहोटीला जा. भरतीला बांधाबाहेर नुसतं पाणी, ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि खरी मजा चिखलातच. वेळ फोनवर मिळते. नाहीतर आमच्या आजोबांचा जुना हिशेब, तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल त्या तासाला भरती. म्हणजे अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा वाजता भरती, मग बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं. तासभर इकडेतिकडे होतं, आमच्याकडे बहुतेक थोडं आधीच, पण कॅलेंडरवर बोट ठेवून थोरली स्वतः गणित करते आणि तिथं जाऊन बरोबर आलं की तिचा तोरा बघण्यासारखा असतो. या हिशेबाने पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आसपास ओहोटी मिळते, आपल्याला तेच हवं. फक्त त्याच दिवसांत दुपारी उधाण असतं, सखल बांधावर पाणी चढतं, तेव्हा नऊ म्हणजे नऊला परत.

५. पिशवी

माणशी एक लिटर पाणी, पोराचंही तेवढंच धरा, अर्धं ते सांडणार. कोकमचं सरबत एका बाटलीत, मीठ घालून. उंडे (इथले गोल पाव) आणि सुकी भाजी, किंवा पोळीचा गुंडाळा. केळी. चॉकलेट नको, वितळतं आणि मग ते हात तुमच्या कपड्यांना. खाऊ तीन वेळा निघाला पाहिजे असा ठेवा, निघताना थोडा, मध्ये थोडा आणि परतीच्या वाटेवरचा सगळ्यात चांगला, त्याच्या आशेवर शेवटचा अर्धा किलोमीटर निघतो.

पूर्ण पँट, फिक्या रंगाची, अंगावर काही चढलं तर दिसतं. टोपी. एक जोडी सुके कपडे गाडीत, बरोबर नाही, गाडीत. जुना टॉवेल. थोडं मीठ, जळवांसाठी, फक्त मोले-सत्तरीच्या बाजूला पावसात जात असाल तर. बँडेड, डेटॉल, आणि एक रिकामी पिशवी, कचरा परत आणायला.

चप्पल मात्र नीट ऐका. साध्या चपला नकोत, बूटही नकोत, मागे पट्टा असलेले प्लास्टिकचे सँडल सगळ्यात बरे. धाकटा एकदा निळी चप्पल घालून आला होता, मानशीजवळ चिखलात पाय गेला, पाय वर आला, चप्पल नाही. मी कोपरापर्यंत हात घालून शोधली. चिखल ओढून घेतो ना, तशी आत गेली.

६. तिथं गेल्यावर काय करायचं

काही नाही. खरंच. पोरं पुढे, तुम्ही मागे, आणि फोन खिशात.

तरी एक जागा अशी की तिथं थांबाच, ती म्हणजे मानस. लाकडी फळ्यांची दारं असतात, चिऱ्याच्या भिंतीत बसवलेली, आणि ती उघडायला-मिटायला माणूस लागत नाही. भरती आली की नदीचं पाणी बाहेरून दाराला रेटतं, दार घट्ट मिटतं, खारं पाणी बाहेरच राहतं. ओहोटी लागली की बाहेरची पातळी खाली जाते, आता आतलं पाणी रेटा देतं, दार उघडतं आणि शेतातलं जास्तीचं पाणी नदीत पडतं. वीज नाही, मोटर नाही. आम्ही एकदा बरोबर ओहोटी लागायच्या वेळी पोचलो होतो. आधी फळ्यांच्या फटीतून नुसता पाण्याचा कागदासारखा पातळ पडदा, मग दार कुरकुरलं, बोटभर सरकलं, शेवाळाचा एक झुबका सुटून वाहून गेला, आणि पाच मिनिटांत खळाळून पाणी. पलीकडे दोन बगळे आधीच येऊन उभे, पाण्याबरोबर बाहेर पडणारी बारकी मासळी टिपायला, त्यांना वेळ पाठ असते. तिथं जाळं सांभाळणारे एक आजोबा होते, थोरली पुढे सरकली तसं ते ओरडले, 'बाये, फुडें वचूं नाका, उदक ओडटा!' मानशीचं पाणी खरंच ओढतं. दाराच्या तोंडाशी पोराचा हात धरूनच उभं राहायचं, आणि काठावर बसून पाय सोडायचे नाहीत. मानशीतली मासळी पकडायचा हक्क लिलावात घेतलेला असतो, तेव्हा पोरांच्या हातात गळ देऊन तिथं बसवू नका.

मग चिखल. ओहोटीला उकिडवे बसा आणि दोन मिनिटं हलू नका. आधी काही दिसत नाही, मग सगळा चिखल हलायला लागतो. एकच नांगी मोठी असलेले खेकडे, ती नांगी हलवत राहतात, जसं काही कोणाला बोलावतायत. आणि निवट्या, मासा असून चिखलावर उड्या मारत चालतो तो, डोळे डोक्यावर. मासा पाण्याबाहेर कसा, या प्रश्नावर आमचे तीन रविवार गेले.

दुर्भाट, बोरीच्या बाजूला गेलात तर मगरीची गोष्ट सांगायची. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, खऱ्या, आणि पौष अमावास्येला या भागातले शेतकरी खाजनात चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, मानगे थापणी म्हणतात त्याला. शिंपल्यांनी तिच्या अंगावरचे खवले करतात. आमच्या पोरांनी घरी परसात केली होती, मांजर निघालं. त्या कालव्याच्या बाजूला पाण्याच्या कडेला जायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

ऋतूप्रमाणे थोडं

जून-जुलैला मी लांब जातच नाही, घराजवळच पाऊणेक तास, रेनकोट घालून, डबक्यात उड्या मारायला. प्रशासन पावसाळ्यात धबधब्यांवर आणि चिऱ्याच्या खाणींत पाण्यात उतरायला बंदी घालतं ती उगाच नाही. सोडून दिलेल्या चिऱ्याच्या खाणी पाण्याने भरतात, वरून हिरवंगार तळं दिसतं, कडा सरळ तुटलेल्या, उतार नाही. पोरांना घेऊन तिच्या जवळपाससुद्धा नको.

ऑगस्टच्या शेवटी सडे बघा, जांभ्याची पठारं. काळ्या कातळावर निळी सीतेची आसवं, पांढरे गेंद, पिवळा कवळा. फुलं इतकी बुटकी असतात की मोठ्यांना वाकावं लागतं आणि तीन वर्षांच्या पोराला ती उभ्या उभ्या दिसतात. आभाळ गडगडलं की लगेच खाली, सड्यावर आपणच सगळ्यात उंच असतो.

चतुर्थीच्या आधीचा आठवडा सगळ्यात मजेचा. माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या छताला, लागणारं काय काय रानात दिसतंय ते ओळखायचा खेळ, कांगलां, कवंडळ, आंबाडे, घागऱ्या, सुपारीचा कात्रो. ओरबाडायचं नाही, दिसलं की नाव सांगायचं, ज्याला जास्त येतील तो जिंकला. आमच्याकडे सासूबाई दरवेळी जिंकतात आणि दरवेळी धाकट्याला जिंकवतात.

फेब्रुवारी ते मे मिठागरं. पेडण्याच्या बाजूला आगरवाड्याला जा, चौकोनी खाचरं, पांढरे ढीग, आणि मीठ हातात घेऊन चाखायला मिळालं तर पोरं महिनाभर सांगत सुटतात. त्याच दिवसांत काजू. बोंडू मळतात ती कोळमी बघा, ताजा निरो, म्हणजे बोंडूंचा रस, मिळाला तर पोरांना घोटभर द्या. ताजाच बघून घ्या, उन्हात राहिलेला आंबतो आणि मग तो पोरांचा राहत नाही.

घाबरू नका, पण हे माहीत असू दे

सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडताप आढळलाय. गोचिडीतून होतो, डिसेंबरपासून मेपर्यंत जास्त, नेमका काजूचा हंगाम. त्या काळात त्या बाजूच्या रानात आणि काजूच्या बागांत मी पोरांना नेत नाही, एवढा सोपा नियम. इतर वेळी गेलात तर पँट मोज्यांत खोचायची, पाचोळ्यावर बसायचं नाही, मेलेलं माकड दिसलं तर लांबूनच मागे फिरायचं आणि आरोग्य केंद्राला कळवायचं. नंतर पोराला ताप आला तर डॉक्टरांना 'रानात गेलो होतो' हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

साप दिसतो, वर्षातून दोन-तीनदा. बहुतेक वेळा धामण नाहीतर विरोळा. पोरांना एकच शिकवलंय, 'पुतळा', म्हणजे जागच्या जागी थांबायचं, मग मी सांगितलं की मागे यायचं. चावलाच तर दोरी आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं काही नाही, पोराला हलू न देता १०८ लावा आणि सरळ सरकारी हॉस्पिटल.

त्यापेक्षा जास्त त्रास वाड्यावरच्या कुत्र्यांचा होतो, खरं बोलायचं तर. पोरांना पळायचं नाही हे शिकवा, पळालं की कुत्रं मागे येणारच. आणि भाड्याच्या स्कूटरवाले, दिवाडीच्या सरळ रस्त्यावर ते काय वेगाने येतात. पोर नेहमी शेताच्या बाजूला, तुम्ही रस्त्याच्या बाजूला.

घरी आल्यावर

गाडीत बसायच्या आधी सँडल काढून वेगळ्या पिशवीत, नाहीतर खाजनाच्या चिखलाचा वास सीटमध्ये आठवडाभर राहतो. घरी लगेच कोमट पाण्याने आंघोळ, रानातून आला असाल तर कानाच्या मागे, काखेत, जांघेत, डोक्यात केसांत नीट बघायचं, गोचीड चिकटली असेल तर चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढायची, तेल-बिल ओतत बसायचं नाही. कपडे वेगळे भिजत घाला.

आणि पुढच्या वेळी परत त्याच बांधावर जा. दरवेळी नवी जागा आपल्याला हवी असते, पोरांना नाही, त्यांना मागच्या वेळचा खेकडा अजून तिथंच आहे का ते बघायचं असतं. आम्ही त्या मानशीवर तीन आठवड्यांनी परत गेलो तर दाराच्या खुंटीला एक छोटीशी निळी चप्पल टांगलेली, चिखल वाळून पांढरा झालेला. आजोबांनी जाळ्यात सापडली म्हणून ठेवली होती. धाकटा एवढा खूश झाला की विचारू नका. दुसऱ्या पायाची मी तोपर्यंत कचऱ्यात टाकली होती.